चिनी कस्टम्सवाल्याचा चषक : '९०' चा अर्थ आणि सफाई

चिनी कस्टम्स, म्हणजे चीनच्या बंदरांवरचं जकात खातं, तिथल्या एका जुन्या अधिकाऱ्याचा शर्यतीचा चांदीचा चषक '९०' या शिक्क्यावरून कुणी ब्रिटिश ठरवला आहे, ते बरोबर नाही. '९०' म्हणजे शंभरात नव्वद भाग चांदी. ब्रिटिश स्टर्लिंग चांदी ९२.५ टक्क्यांची असते. शेजारी 'डब्ल्यूएच' असेल तर वांग हिंग ही चांदीच्या वस्तू विकणारी चिनी पेढी, आणि सोबतचं चिनी अक्षर बहुधा प्रत्यक्ष घडवणाऱ्या कारखान्याचं. चीनमध्ये तेव्हा ब्रिटनसारखं सरकारी कस तपासणी कार्यालय नव्हतं, त्यामुळे हा आकडा म्हणजे फक्त पेढीचा शब्द.

खरी माहिती कोरलेल्या मजकुरात सापडते. त्यातलं 'ग्रिफिन' हे माणसाचं नाव नव्हे. ग्रिफिन म्हणजे शर्यतीत नवखा असलेला मंगोलियन तट्टू. बंदर आणि साल वाचता आलं, तर कस्टम्सच्या वार्षिक सेवायादीशी (कोणता अधिकारी कुठे नेमला होता त्या यादीशी) ताडून पाहा. कस्टम्सचे अधिकारी काही वर्षांनी बंदर बदलत, म्हणून दोन्ही जुळणं महत्त्वाचं.

आता सफाई, आणि इथे कळकळीने सांगतो: रांगोळी किंवा टूथपेस्ट लावू नका. काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. तो घासताना खालची चांदीही जाते आणि उथळ अक्षरं आधी पुसली जातात. प्रेसिपिटेटेड चॉकची (अगदी बारीक, शुद्ध खडूची) पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून मऊ सुती कापडाने हलकेच फिरवा. ड्रॅगनच्या खवल्यांमधला काळेपणा राहू द्या, नक्षीचा उठाव त्यानेच दिसतो. चषक दुहेरी भिंतीचा असेल तर पाण्यात बुडवू नका. सांध्यातून आत गेलेलं पाणी निघत नाही. लोकरी फेल्ट आणि रबरबँड दोन्ही लांब ठेवा, त्यांतल्या गंधकाने चांदी पुन्हा काळवंडते.