काकांनी पाठवलेली 30 सेकंदांची जाहिरात

ए-602 काका: (व्हिडिओ) अमेरिकेतली जाहिरात आहे, 2010 च्या सुपर बोलमधली, म्हणजे तिकडच्या अमेरिकन फुटबॉलच्या फायनल मॅचमधली. डॉक्टरांनी गर्भपात करा सांगितलं होतं, आईने ऐकलं नाही. तोच मुलगा, टिम टिबो, पुढे एवढा मोठा फुटबॉलपटू झाला. सगळ्यांनी बघा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बी-304: काका, दोनदा बघितली. ह्यात गर्भपाताचं नावसुद्धा नाही. आई त्याला 'मिरॅकल बेबी' म्हणते आणि तो येऊन तिला धडक देऊन पाडतो, बस. एवढ्यावरून तिकडे गदारोळ झाला?

बी-101 डॉक्टरताई: झाला, आणि जाहिरात दिसायच्या आधीच झाला. पैसे भरले होते 'फोकस ऑन द फॅमिली' ह्या गर्भपातविरोधी ख्रिस्ती संघटनेने. पूर्ण गोष्ट त्यांच्या वेबसाइटवर होती. महिला संघटनांनी सीबीएस चॅनेलला जाहिरात काढायला सांगितलं. राग चॅनेलवरही होता, कारण ह्याच सीबीएसने 2004 मध्ये एका चर्चची जाहिरात नाकारली होती. समलिंगी लोकांनाही आमचं दार उघडं आहे, असं ते चर्च सांगत होतं. ते चाललं नाही, हे मात्र दहा कोटींहून जास्त लोक बघत असलेल्या मॅचमध्ये चाललं.

सी-203: आपल्याकडे अडलं असतं. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांत धार्मिक किंवा राजकीय हेतूच्या जाहिरातींना मनाई आहे.

बी-101 डॉक्टरताई: नियम आहे, बरोबर. पण आपल्या मुंबईने काय काय बघितलंय! 80 च्या दशकात लोकलच्या डब्यांत गर्भलिंग तपासणीच्या जाहिराती असायच्या. आता पाचशे खर्च करा, पुढचे हजारो वाचवा, म्हणजे हुंड्याचे. मी तेव्हा मेडिकलला होते, रोज त्या वाचत कॉलेजला जायचे. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा 1994 चा.

काका, त्या आईने स्वतःची गोष्ट सांगितली, तो तिचा हक्कच आहे. पण तिला ठरवता आलं म्हणून ती गोष्ट घडली. जाहिरातीला पैसे देणारे मात्र बाकीच्या बायकांचं ठरवणंच काढून घ्या म्हणतात. माझं भांडण तेवढ्यापुरतं आहे.

ए-602 काका: पण डॉक्टर, एक जीव वाचला हे तर खरं ना?

ए-405: काका, मी कधी कुणाला सांगितलं नाही, आज लिहिते. 2018 मध्ये 19 व्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नव्हती. जगणारच नव्हतं. तेव्हा मुदत 20 आठवड्यांची होती, हातात चार दिवस. त्या चार दिवसांत मला तीन जणांनी असेच व्हिडिओ पाठवले होते.

बी-101 डॉक्टरताई: 2021 च्या दुरुस्तीनंतर अशा गंभीर व्यंगाला मेडिकल बोर्डाच्या संमतीने आठवड्यांची अट नाही. तुला तेव्हा हे मिळायला हवं होतं गं.

बी-304: ताई, आम्हाला काहीच कळलं नाही.

ए-602 काका: त्या वर्षी तू गणपतीला खाली आली नव्हतीस. मी लिफ्टमध्ये विचारलंही होतं, का नाही आलीस म्हणून. माफ कर. त्या आईबद्दल मला आजही आदर आहे, पण हे ग्रुपवर टाकायला नको होतं. डिलीट करतो.

ए-405: नको काका, राहू दे. खाली डॉक्टरताईंनी लिहिलंय ते सगळ्यांना वाचू दे.