बैठकीच्या खोलीत जंगलाची चित्रं लावायची आहेत, भडक दिसतील का?

रानजाई:
बैठकीच्या खोलीतली एक लांब भिंत कोरी पांढरी आहे, तिला लागून राखाडी सोफा. तिथे मला दाट जंगल हवंय, म्हणजे मॉन्स्टेराची मोठी पानं, हेलिकोनियाची फुलं, टूकान पक्षी. केळीच्या पानांचा वॉलपेपर, त्याच नक्षीचे उशांचे अभ्रे आणि चार लहान प्रिंट असा बेत आहे. घरचे म्हणतात, खोलीची हॉटेलची लॉबी होईल. पण हे रंग मला मनापासून आवडतात. काय करू?

कुंचला:
रंग अजिबात सोडू नका. खटकेल ते एकच पान भिंतीवर, उशीवर आणि पुन्हा चित्रात आलं की. हॉटेलची आठवण येते तीही उगाच नाही. १९४२ मध्ये आलेलं केळीच्या पानांचं 'मार्टिनिक' हे वॉलपेपरचं डिझाइन बेव्हरली हिल्स हॉटेलमुळेच जगभर गाजलं.

मी वनस्पतिचित्रं काढते. माझ्या मते जंगलाचं चित्र उभं राहतं ते त्यातल्या अंधारावर. खऱ्या वर्षावनात जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोचतो. फ्रेंच चित्रकार आँरी रूसोची जंगलं बघा. हा माणूस फ्रान्सबाहेर कधी गेला नाही, पॅरिसच्या वनस्पती उद्यानातल्या काचघरांत झाडं बघून त्याने ती रंगवली. पुढच्या पात्याची कड उजळ, त्यामागचं पान निळसर हिरवं, त्याच्याही मागे जवळजवळ काळं. म्हणून नजर आत आत जाते. बाजारातल्या बहुतेक प्रिंटमध्ये पांढऱ्यावर एक सुटं पान असतं. ते सुबक दिसतं, पण त्यात जंगल नसतं.

तेव्हा वॉलपेपर नको. सोफ्याच्या दोन तृतीयांश रुंदीचं एकच मोठं, नजर आत खोलवर नेणारं चित्र घ्या. सोफ्याच्या पाठीपासून वीतभर वर लावा, छताकडे ढकलू नका. उशा बिननक्षीच्या, चित्रात सगळ्यात कमी असलेल्या रंगाच्या. हेलिकोनियाचा शेंदरी असेल तर तोच, आणि एकाच उशीला. जमलं तर मागची भिंत गडद शेवाळी करा. पांढऱ्यावर असं चित्र कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

जुनीपाने:
एकच चित्र, हे मला पटत नाही. लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानात चित्रकार मेरिअ‍ॅन नॉर्थची गॅलरी आहे, १८८२ मध्ये उघडलेली. आठशेहून जास्त चित्रं, चौकटीला चौकट भिडवून लावलेली, आणि ती गर्दीच तिथली शान आहे. लहान प्रिंटच हवे असतील तर फ्रेम सगळ्या एकसारख्या घ्या आणि मधली फट दोन बोटांपेक्षा जास्त ठेवू नका. चित्रकार मारिया सिबिला मेरियनने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये राहून केलेली, १७०५ मध्ये छापलेली चित्रं बघा. झाडावर त्याची पानं खाणारी अळी, कोश, फुलपाखरू, सगळं एकत्र. स्वामित्वहक्क कधीच संपलेत. ए-३ आकारात नीट छापायला साधारण ३५०० × ४९५० पिक्सेलची फाइल लागेल.

कुंचला:
मेरियन सुचवलीत, फार छान! तिच्या पानांना अळीने पाडलेली भोकंसुद्धा आहेत. अशी चित्रं असतील तर गर्दी मलाही चालेल, सुट्या पानांची नको.

रानजाई:
मेरियनची चित्रं आत्ताच पाहिली, तीच लावणार. पण या भिंतीवर दुपारी तासभर थेट ऊन येतं. चालेल का?

कुंचला:
नाही, कागदावरच्या चित्रांना तिथे नकोच. हिरवा रंग बरेचदा पिवळा आणि निळा मिसळून केलेला असतो, आणि त्यातला पिवळा आधी उडाला की जंगल निळं पडतं. जुन्या युरोपियन टॅपेस्ट्रींमधली, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांमधली, झाडं याच कारणाने निळी दिसतात. अतिनील किरण अडवणारी काच हे लांबवते, थांबवत नाही. मेरियनची चित्रं ऊन न येणाऱ्या भिंतीवर न्या. पिगमेंट शाईने सुती कागदावर छापून घ्या, चित्राभोवतीचा पुठ्ठा (माउंट) आम्लरहित मागा. उन्हाच्या भिंतीला फक्त शेवाळी रंग द्या आणि तिच्यासमोर खरा मॉन्स्टेरा ठेवा, थेट उन्हाच्या पट्ट्यापासून जरा बाजूला.