मदत हवी आहे: ग्लो फक्त दिव्यालाच कसा द्यायचा?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स या रेंडर इंजिनवर एका खोलीचा सीन रेंडर केलाय. ग्लो फक्त टेबलावरच्या दिव्याला हवाय, पण कंपोझिटरमध्ये (रेंडर झालेल्या इमेजवर काम करायची जागा) उजळ भागांभोवती चमक आणणारा ग्लेअर नोड लावला की खिडकीही चमकायला लागते. थ्रेशोल्ड (किती उजळ भागापासून पुढे चमक द्यायची ती मर्यादा) वाढवून पाहिला, उपयोग नाही, कारण खिडकी दिव्याहून जास्त उजळ आहे.

मग क्रिप्टोमॅटने (रेंडरमधली प्रत्येक वस्तू वेगळी निवडू देणारी सोय) दिव्याचा मास्क, म्हणजे फक्त तेवढ्याच भागाची निवड, काढला. ग्लेअरनंतर मास्क लावला तर ग्लो दिव्याच्या कडेवरच कापला जातो. म्हणून आधी मास्क, मग ग्लेअर आणि तो मूळ इमेजमध्ये ॲड केला. हे छान जमलं!

अडलंय ते आरशापाशी. क्रिप्टोमॅटला तिथे आरसाच दिसतो, त्यामुळे प्रतिबिंबातला दिवा अगदी निस्तेज वाटतो. दिव्याचा वेगळा लाइट ग्रुप (त्या दिव्याचा उजेड वेगळ्या थरात रेंडर करणं) केला तर त्याचा भिंतीवर पडलेला उजेडही सोबत येणार ना? प्रतिबिंबापुरता मास्क कसा काढता?