दालचिनी + टोब्रामायसिन: कमी डोसला बायोफिल्म उलट वाढतेय, कुणाला अनुभव आहे का?

गंगापूररोड_मायक्रो
एमएस्सी मायक्रोचं शेवटचं वर्ष, नाशिकलाच आहे. प्रोजेक्ट असा की स्युडोमोनास या जंतूच्या (पीएओ१ हा लॅबमधला प्रकार) बायोफिल्मवर, म्हणजे जंतू एकत्र चिकटून करतात त्या थरावर, टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक आणि सिनामाल्डिहाइड, म्हणजे दालचिनीचा तो वास ज्याचा असतो ते, दोन्ही मिळून किती चालतं ते बघायचं. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये चेकरबोर्ड लावला, म्हणजे दोन्ही औषधांचे वेगवेगळे डोस आडवे-उभे जुळवून, २४ तास ठेवला, धुतला, क्रिस्टल व्हायोलेट हा थर रंगवणारा जांभळा रंग टाकला. दोन गोष्टी कळेनात. एक, टोब्रामायसिनच्या सगळ्यात कमी डोसला जांभळा रंग औषध नसलेल्या वेलपेक्षा गडद येतो, आणि दुसरं म्हणजे ज्या कॉलममध्ये सिनामाल्डिहाइड अजिबात नाही (तो जास्त डोसच्या शेजारीच आहे) तो सगळाच फिका, वेगळ्या प्लेटमध्ये नुसती स्युडोमोनास लावली तर मस्त गडद येते. तीनदा केलं, तीनदा तेच. लॅबमध्ये मला सांगतायत पिपेटिंग (द्रव मापून टाकणं) चुकतंय.

हा विषय घेतला तो मावशीमुळे. देवळालीला असते, शुगर आहे, करंगळीजवळची जखम चार महिने भरत नाहीये आणि स्वॅबमध्ये स्युडोमोनासच आला. आता ती म्हणते मग दालचिनीचं तेलच लावते ना. मी नको म्हटलंय पण का नको ते तिला पटेल असं सांगता येईना.

पेट्रीडिश_दादा
ताई पिपेटिंग नाही, तीनदा एकसारखी चूक होत नसते. फिका कॉलम आहे ना तो वाफेमुळे. सिनामाल्डिहाइड उडून जाणारं आहे, ३७ डिग्रीला झाकणाखालून शेजारच्या वेलमध्ये जातं, प्लेट उघडल्यावर वास आला असेलच तुम्हाला. कंट्रोल (औषध नसलेले, तुलनेचे वेल) वेगळ्या प्लेटमध्ये घ्या आणि सीलिंग फिल्म लावा, पण लावाल तर सगळ्याच प्लेटना लावा कारण स्युडोमोनासला ऑक्सिजन कमी पडला की बायोफिल्मही बदलते.

आता गडद रंगाचं. कमी डोसचा आणि औषध नसलेला हे दोन्ही वेल एकाच कॉलममधले आहेत म्हणजे वाफ दोघांनाही लागलीय, तरी फरक दिसतोय, मग तो खरा असण्याची शक्यता जास्त. मारायला पुरेसं नसलेलं टोब्रामायसिन मिळालं की स्युडोमोनास जास्त बायोफिल्म करते हे २००५ मध्येच छापून आलंय. म्हणून तुमचा खरा प्रश्न इथेच आहे की सिनामाल्डिहाइड सोबत असताना ही वाढ थांबते का, मला विचाराल तर प्रोजेक्टचा जीव त्यात आहे.

अजून एक, तुम्ही दोन्ही औषधं सुरुवातीलाच टाकताय, म्हणजे बायोफिल्म बनू न देणं बघताय. पेशंटच्या जखमेत ती आधीच बसलेली असते. माठ बरेच दिवस घासला नाही की आतून बुळबुळीत थर धरतो ना, नुसतं पाणी ओतून तो निघत नाही. बायोफिल्मच्या आतला डीएनए ऋणभारित, टोब्रामायसिन धनभारित, त्यामुळे औषध वरच्या थरातच अडकतं, आणि खाली ऑक्सिजन नाही म्हणून जे पोचतं तेही पेशीच्या आत नीट शिरत नाही. तेव्हा आधी २४ तास बायोफिल्म वाढू द्या, धुवा, मग जोडी टाका. आणि क्रिस्टल व्हायोलेट मेलेल्या पेशींनाही रंगवतं, त्यामुळे थर खरवडून प्लेट काउंट (जिवंत जंतू वाढवून मोजणं) केल्याशिवाय मेले किती ते कळणारच नाही. एफआयसी इंडेक्स (दोन औषधं मिळून किती चालतात त्याचा आकडा) ०.५ किंवा त्याखाली आला तरच सिनर्जी, म्हणजे एकमेकांना खरी साथ, म्हणायचं, ०.८ आला म्हणून खूश होऊ नका.

द्राक्षबाग_निफाड
आमच्याकडे वायनरीतून द्राक्षाचा चोथा ढिगाने निघतो, सालीत रेझवेराट्रॉल नावाचं द्रव्य असतं म्हणतात, त्याचीही औषधासोबत अशी जोडी होईल का?

पेट्रीडिश_दादा
होईल भाऊ, पण चोथ्यात टॅनिन, रंग, साखर सगळंच येतं आणि दर बॅचला वेगळं, त्यामुळे काम नक्की कोणी केलं ते कळत नाही. आधी शुद्ध रेझवेराट्रॉल, मग अर्क.

ड्रेसिंगवाली_सिस्टर
सर्जिकल वॉर्डला १४ वर्षं झाली, मावशींचं मी सांगते. तेल अजिबात नको. शुगरवाल्यांच्या पायाला बधिरपणा असतो, दालचिनीच्या तेलाने चामडी भाजते आणि त्यांना कळतसुद्धा नाही, सकाळी पट्टी सोडली की कडेने पांढरी पडलेली चामडी दिसते, मी स्वतः बघितलीय. त्यांना असं सांगा की प्लेटमध्ये जंतू एकटे असतात, पायावर जंतूंबरोबर तुमची नवीन येणारी कातडीपण असते आणि तेल दोघांनाही जाळतं. डॉक्टर जखम खरवडतात तेव्हा तो चिकट थरच काढत असतात, थर परत बसायच्या आधीचे एक-दोन दिवस औषधाला वाव असतो, म्हणून ड्रेसिंगची तारीख चुकवायची नाही. आणि पायावर वजन पडतंय का ते बघा, रक्तपुरवठा तपासलाय का तेही विचारा, नुसत्या जंतूमुळे चार महिने लागत नाहीत.

गंगापूररोड_मायक्रो
सिस्टर, हे जसंच्या तसं वाचून दाखवलं, बाटली माझ्याकडे दिली तिने. रक्तपुरवठ्याची तपासणी झालेलीच नाहीये, बुधवारी ड्रेसिंगला जाऊ तेव्हा विचारते. दादा, वासाचं खरंय, इन्क्युबेटर उघडला की बेकरीसारखा वास येतो आणि मला एकदाही सुचलं नाही. शनिवारी नवीन प्लेट लावतेय, कंट्रोल वेगळा, फिल्म सगळ्यांना, आधी २४ तास वाढवून. काउंट आले की इथेच टाकते.