आवाज गेला आणि भूत नुसतं चालायला लागलं – पिक्चरमधल्या संगीताचे तुमचे अनुभव सांगा

मालविका_रामबाग
काल रात्री नातू पांघरुणात शिरून मोबाईलवर भुताचा पिक्चर बघत होता. मधेच उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, आजी, फार भीती वाटली की मी आवाज बंद करतो, मग ती बाई नुसती चालते. नुसती चालते! मला एकदम आमची इंदूरची मॅटिनी आठवली. मी नववीत असेन, आई, मावशी आणि आम्ही चार मुली, हवेलीवाला पिक्चर होता, पांढरी साडी, मेणबत्ती, जिना, सगळं आलं. मावशीने माझा दंड असा आवळलेला की दुसऱ्या दिवशी वळ होता. आणि ऐन जिन्यावर आवाज गेला, चित्र चालूच. दोन क्षण सगळं हॉल गप्प, मग पुढून शिट्ट्या, मग कोणीतरी तोंडाने ‘ढँऽण’ केलं. मावशीचा हात सुटला. आणि मला दिसलं की त्या भुताच्या पदराला सेफ्टी पिन लावलीय. इतका वेळ ती तिथेच होती, पण दिसली नव्हती. मग आवाज परत आला, आणि पिन माहीत असूनसुद्धा आम्ही दोघी परत एकमेकींना धरून बसलो. ५० वर्षं झाली, मी अजून त्या पिनेचा विचार करते. तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा, मोठं लिहा, छोटं लिहा.

पोहे_जिरावन
काकू माझा मुलगा पण हेच करतो!! सगळी पोरं एकाच शाळेत शिकून आलीत का हे. कुकर लावून येते मग लिहिते

ऑपरेटरची_लेक
मालविकाताई, तो बल्ब गेला असणार. माझे बाबा ३१ वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. फिल्मच्या पट्टीच्या कडेला आवाजाची बारीक नागमोडी रेघ छापलेली असायची, तिच्यातून एका छोट्या बल्बचा उजेड जायचा, बाबा त्याला एक्सायटर म्हणायचे, रेघेप्रमाणे तो उजेड कमीजास्त होऊन पलीकडे फोटोसेलवर पडायचा आणि त्याचाच आवाज व्हायचा. बल्ब उडाला की चित्र चालू आणि आवाज गुल. बाबांच्या शर्टाच्या खिशात जास्तीचा एक बल्ब कायम, रुमालात गुंडाळून. आणि आवाज त्याच्या चित्रापेक्षा साधारण २० फ्रेम पुढे छापलेला असायचा कारण मशीनमध्ये तो वाचायची जागा चित्राच्या खिडकीच्या खाली असते, पट्टी घालताना मधला झोळ कमीजास्त झाला की ओठ आधी हलणार, शब्द मागून, नाहीतर उलटं. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. बाबांनी एवढे पिक्चर लावले, पण केबिनमध्ये मशीनची घरघर एवढी आणि आवाजाला एक छोटासा स्पीकर, त्यात त्यांना फक्त आवाज चालू आहे की नाही एवढंच कळायचं. रिटायर झाल्यावर मी त्यांना मल्टिप्लेक्सला घेऊन गेले, एक जुना पिक्चर परत लागला होता, त्यांनी स्वतः ११ आठवडे चालवलेला. बाबा इंटरव्हलपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बेटा, यात एवढी वाद्यं होती?’

मालविका_रामबाग
अगं काय लिहिलंस हे. डोळे पुसून परत वाचलं

भिया_सुदामानगर
ऑपरेटरची लेक, बाबांना नमस्कार सांगा. आम्ही लोकांनी आवाज गेला की त्यांनाच शिव्या घातल्या, आज कळून राहिलं की ते खिशात बल्ब घेऊन धावत होते

जेलरोड_जुना
शोले. १५ ऑगस्ट १९७५ ला आला, पण आम्हाला घरच्यांनी लगेच नेलं नाही, मारधाड आहे म्हणून. मात्र डायलॉगची रेकॉर्ड निघाली आणि ती गणपतीच्या मांडवात सकाळपासून रात्रीपर्यंत, अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघायला निघालो तर वाटेत दर चौकात तीच. म्हणजे पिक्चर न बघता मला अख्खा पाठ होता, कोण कुठे दम घेतो तेसुद्धा. शेवटी मोठ्या भावाने चोरून नेलं, तर माझं लक्ष डायलॉगकडे गेलंच नाही, ते येतच होते मला. मला हलवलं ते रेकॉर्डमध्ये नव्हतं त्याने. ती विधवा सून रात्री एकेक कंदील विझवते आणि खाली तो माऊथ ऑर्गन वाजवत बसलेला, दोघं एक शब्द बोलत नाहीत, आणि ठाकूरच्या घरी गोळ्या चालतात तेव्हा झोपाळ्याची करकर. आर. डी. बर्मनची गाणी सगळ्यांनी डोक्यावर घेतली पण माझ्यासाठी तो माणूस म्हणजे ती शांत रात्र. भावाने त्याच आठवड्यात माऊथ ऑर्गन घेतला. तीन महिने घरात कोणाला झोप नाही. भाऊ २०२१ मध्ये गेला, माऊथ ऑर्गन माझ्या कपाटात आहे, वाजवता मला येत नाही.

पोहे_जिरावन
🙏 दादा.

मंजू_लोकमान्यनगर
झांक्यांवरून आठवलं, आम्ही खांद्यावर बसून बघायचो आणि पहाटे घरी. आता पोरांना रात्री ११ ला झोप येते. बरं माझा अनुभव वेगळा आहे, आईचा. तिला मागच्या वर्षी कानाचं मशीन लावलं. आम्हाला वाटलं आता ती खूश होईल, टीव्ही नीट ऐकेल. पहिल्याच दिवशी म्हणाली, हे मागचं वाजतंय ते बंद कर, माणसं काय बोलतात कळत नाही. सिरीयलमध्ये एकीने दुसरीकडे बघितलं की ढँण ढँण ढँण तीनदा. मशीन सगळंच मोठं करतं ना, तो ढँण पण. मग मी शोधून काढलं की आमच्या टीव्हीत बोलणं ठळक करायचं एक सेटिंग आहे आणि खाली अक्षरं पण लावून दिली. आता मला राग याचा येतो की हे असं भरभरून वाजवतात ते कोणासाठी? माझ्या आईसारखी किती म्हातारी माणसं नुसती चेहरे बघत बसत असतील. ज्यांचे आईवडील मशीन लावतात त्यांनी ते सेटिंग नक्की बघा, जीव वाचतो.

भिया_सुदामानगर
मंजूताई सेटिंग कुठे असतं, माझ्या सासऱ्यांना पण हवंय

मंजू_लोकमान्यनगर
आमच्या टीव्हीत आवाजाच्या मेनूत आत आहे, आवाजाचे प्रकार येतात त्यात बोलण्याचा एक असतो, तो लावा

सरस्वतीबाईंचा_नातू
मंजूताईंच्या रागावरून लिहितो. आजोबांनी मला लहानपणी कॅसेटवर कुंकू दाखवला होता, प्रभातचा, १९३७ चा. दहा मिनिटांनी मी उठून टीव्हीला थापट मारली, मला वाटलं आवाज अर्धवट येतोय. आजोबा म्हणाले बस खाली, असाच आहे तो. शांतारामबापूंनी त्यात मागून वाजणारं संगीत ठेवलंच नाही, जे ऐकू येतं ते त्या घरातलंच, घड्याळाची टिकटिक, भांडी, पावलं, आणि शांता आपटे गाते तेव्हा ग्रामोफोन समोर चालू असतो. त्या मुलीचं लग्न फसवून एका म्हाताऱ्याशी लावलंय, आणि तुम्हाला आता रडा असं सांगायला कोणी सारंगी वाजवत नाही. आमची आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची, आत येऊन कधी बसली नाही. तिचं पण लग्न १४ व्या वर्षी झालेलं. मी ते घड्याळ अजून विसरलो नाही, आमच्या घरचं पण तसंच वाजायचं.

खजराना_शरद
संगीताचा विषय आणि इंदूरचं नाव, तर लताबाई इथल्याच, २८ सप्टेंबर १९२९, शीख मोहल्ला. कोणी लिहिलंच नाही म्हणून लिहितोय

भिया_सुदामानगर
ते सगळ्यांना माहितीये काका 😄 पण लिहिलंत ते बरं केलं

खजराना_शरद
मग हे पण ऐका. आमचे वडील अमीर खाँसाहेबांचे भक्त. बैजू बावरा १९५२ चा, नौशादचं संगीत, त्यात तानसेनच्या तोंडी खाँसाहेबांचा आवाज आणि बैजूच्या तोंडी डी. व्ही. पलुस्कर. गोष्टीत तानसेन हरतो. वडिलांनी तो पिक्चर सहा वेळा पाहिला आणि सहाही वेळा ती जुगलबंदी संपताना उठून बाहेर येऊन उभे राहिले. आई विचारायची, तर म्हणायचे मला निकाल नको, मला गाणं हवं होतं. पलुस्करांबद्दल त्यांना तेवढाच आदर, हे पण सांगतो, त्यांची रेकॉर्ड लागली की ते जेवत असले तरी हात थांबायचा. शास्त्रीय गाणं कधी न ऐकणारी आमच्या गल्लीतली पोरं त्या पिक्चरमुळे ‘देसी’ राग गुणगुणत होती. याहून मोठं काम पिक्चरने काय करायचं.

नि_शब्द
पहिल्यांदाच लिहितेय. माझा भाऊ गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आईचं रडणं मला आठवत नाही, अजिबात नाही. समोरच्या घरात रेडिओ लागला होता, विविध भारती, त्यावरची शहनाई आठवते. कितीतरी वर्षं मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे, आई एवढी रडली असेल आणि मला शहनाईच कशी लक्षात राहिली. मग कॉलेजात पथेर पांचाली दाखवला. त्यात बाप परत येतो, मुलीसाठी साडी आणलेली असते, आई कोसळते, तोंड उघडतं आणि तिचा आवाज येतच नाही. त्या जागी तारशहनाई वाजते, रविशंकरांचं संगीत. मी हॉलमधून बाहेर पळाले. म्हणजे ज्याने तो पिक्चर बनवला त्याला हे माहीत होतं. एवढंच.

मालविका_रामबाग
बाळ, तुझ्यात काही कमी नाही. कधीही लिही इथे.

ऑपरेटरची_लेक
हो. लिहीत रहा गं.

पोहे_जिरावन
कुकर झाला, आंघोळी झाल्या, आता लिहिते. सैराट आम्ही पुण्याला नणंदेकडे बघितला, २०१६. अजय-अतुलनी त्यासाठी अमेरिकेत जाऊन मोठा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता, हे मला माझ्या नवऱ्याने तिकिटाच्या रांगेत तीनदा सांगितलं. आणि लोक नाचत होते हो हॉलमध्ये, पुढे जाऊन. मग शेवट. सगळं बंद. तो लहान मुलगा चालतो, पायाचे ठसे उमटतात आणि कसलाच आवाज नाही. अडीच तास नाचवलं आणि मग आधाराला एक सूर ठेवला नाही. मागच्या रांगेत एक आजोबा होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता मला. बाहेर आलो तर नणंद म्हणाली चहा घेऊ, कोणी हो म्हणेना. वर मंजू म्हणाली ना, भरभरून वाजवतात ते कोणासाठी. ज्याला थांबायचं कळतं त्याने हवं तेवढं वाजवावं.

भिया_सुदामानगर
टाळ्या. बाकी या थंडीत सराफा बाजारात तळलेला कंद, आपलं गराडू, खायला कोण कोण येतंय, एकदा सगळे भेटूच

जेलरोड_जुना
मी येतो. माऊथ ऑर्गन आणतो, कोणाला येत असेल तर वाजवा.

मालविका_रामबाग
मी पण येणार. आत्ताच मावशीला फोन लावला होता, ८८ ची आहे, कान अजून चांगले. विचारलं तो हवेलीवाला पिक्चर आठवतो का. म्हणाली, हो तर, जिन्यावर केवढं भयंकर वाजलं होतं! आवाज गेला होता हे तिला आठवतच नाही. पिन तर म्हणते मी मनची सांगतेय.