पुन्हा: पुन्हा: ५ नंबर पोर्टवरची लिमिट कोणी लावली?

सांस्कृतिक सचिव, सोमवार, रात्री ९:४०
मंडळी, आरतीचं लाइव्ह परत अडकलं, तेही नेमकं मंत्रपुष्पांजलीला. इथली संध्याकाळी सहाची आरती म्हणजे तिकडे भारतात रात्रीचे साडेदहा. आई झोप आवरून बसली होती आणि तिला दिसलं काय, तर गरगर फिरणारं चक्र. शनिवारी एकांकिका आहे. स्विचच्या, म्हणजे हॉलचं इंटरनेट वेगवेगळ्या केबलींत वाटणाऱ्या डब्याच्या, सेटिंगच्या पानावर पोर्ट ५ ला (केबलच्या पाचव्या खाचेला) ४ एमबीपीएसची (सेकंदाला ४ मेगाबिट) लिमिट दिसते. मी लावलेली नाही. ज्यांनी लावली त्यांनी काढावी.

वायफायवाले दादा, ९:५८
मीच लावली. मेच्या बैठकीत ठरलंय, आणि पोरं हॉलमध्ये क्रिकेट बघत बसतात ही तक्रार तुमचीच होती. पोर्ट ५ वर वायफायचा डबा आहे, त्यावर सव्वाशे फोन. काढली तर सगळी लाइन तेच खातील. आणि पासवर्ड तुमच्याकडे कसा?

साउंडवाला, १०:२०
पासवर्ड स्विचच्या बुडाशी चिकटवलाय, दादा.
स्क्रीनशॉटमध्ये लिमिट 'इन्ग्रेस'ला आहे. इन्ग्रेस म्हणजे स्विचच्या आत येणारं, म्हणजे फोनांकडून वर जाणारं. क्रिकेट उलट्या दिशेने येतं, स्विचमधून निघून डब्याकडे. ते इग्रेस, आणि तिथला रकाना रिकामा आहे. म्हणजे क्रिकेट मजेत चालू, आणि अडवलं आपण आपलंच लाइव्ह. लॅपटॉप वायफायवरच होता ना? १०८० चं (जास्त स्पष्ट चित्राचं) लाइव्ह एकटंच ४ ते ६ मागतं, त्यात सव्वाशे फोनांचा फोटो-बॅकअप वाटेकरी.
शिवाय हा स्विच जास्तीचं रांगेत थांबवत नाही, टाकूनच देतो. पोस्टाची पेटी भरली की उरलेली पत्रं कचऱ्यात, तसं. मग लॅपटॉप तेच परत पाठवतो आणि वेगही कमी करतो. त्यामुळे ४ लावले तरी हाती ४ पडत नाहीत.

ज्येष्ठ काका, मंगळवार, सकाळी ६:१५
मी ३१ वर्षं पोस्टात काढली. पत्र कचऱ्यात टाकायची आमच्यात पद्धत नव्हती. उदाहरण बदलावे.

खजिनदार, ७:०५
नवीन स्विच मिळणार नाही, आधीच सांगतो. मंडपाच्या डिपॉझिटचं काय झालं ते कुणी बोलत नाही.

वायफायवाले दादा, ८:३०
नवीन कोण मागतंय? मी आलेख बघितलाय, पोर्ट ५ दोनच्या वर गेलाच नाही. मग चारची लिमिट आड येईल कशी?

साउंडवाला, ८:४४
आलेख ५ मिनिटांची सरासरी दाखवतो. आरतीला दोन मिनिटं गच्च, मग सगळे प्रसादाच्या रांगेत. सरासरी दोनच निघणार. अडकलं ते त्या दोन मिनिटांत.
लॅपटॉपला केबल द्या, पोर्ट ३, तिथे लिमिट नको. पोर्ट ५ ला इग्रेस ४०, इन्ग्रेस १०. लाइव्ह ७२० वर (चित्र जरा कमी स्पष्ट) ठेवा, तीनमध्ये भागतं. खालचा 'स्टॉर्म कंट्रोल' रकाना लिमिट समजून भरू नका, तो ब्रॉडकास्टच्या, म्हणजे सगळ्या पोर्टांवर एकदम जाणाऱ्या संदेशांच्या, पुरासाठी असतो. आणि 'सेव्ह' दाबा! रात्री केअरटेकर विजेचा मेन स्विच पाडतो, सेव्ह केलं नाही तर सकाळी सगळं जुनंच.

वायफायवाले दादा, ९:१०
ठीक. पण आकडे मीच भरीन, दोन हात एका स्विचवर नकोत. पोर्ट ३ पासून स्टेज किती लांब, बघितलंय का कुणी? माझ्याकडची केबल ५ मीटरचीच.

काकू (महाप्रसाद), ९:३२
ती लांब पिवळी केबल गेल्या वर्षी तोरणांच्या पेटीत गेली. पेटी आमच्या गॅरेजमध्ये, मोदकपात्राच्या मागे. शुक्रवारी सातनंतर या, जेवूनच जा. आणि पेटीतली तोरणं विस्कटू नका.