पायथॉनच्या लूपमध्ये एक नोंद गळते आहे

प्रश्न (विद्यार्थिनी, सांगली):
नमस्कार. आमचे घर कृष्णाकाठी असल्यामुळे पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीकडे घरातल्या सगळ्यांचे लक्ष असते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. पायथॉन या संगणकभाषेच्या सरावासाठी मी दर तासाला एक याप्रमाणे २४ काल्पनिक पातळ्या एका यादीत भरल्या आणि त्यांपैकी ४० फुटांवर किती आहेत, हे मोजणारा फॉर लूप (त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) लिहिला. लूपला ओळीने आकडे पुरवणाऱ्या रेंजला १ आणि २४ हे आकडे दिले, तर लूप २३ वेळाच फिरतो. २४ऐवजी २५ लिहिले, तर यादीच्या मर्यादेबाहेर गेल्याची त्रुटी येते. माझे कोठे चुकते आहे?

उत्तर (शिक्षक, मिरज):
पायथॉनमध्ये यादीचे क्रमांक ० पासून सुरू होतात, म्हणून आपल्या नोंदी ० ते २३ या क्रमांकांवर आहेत. शिवाय रेंजला दिलेला शेवटचा आकडा स्वतः मोजणीत येत नाही. त्यामुळे १ आणि २४ दिल्यावर लूप १ ते २३ एवढाच फिरतो आणि मध्यरात्रीची पहिली नोंद तपासलीच जात नाही. २५ दिल्यावर तो २४ व्या क्रमांकाकडे जातो, आणि तेथे काहीच नसते. रेंजला फक्त २४ द्यावे, म्हणजे ० ते २३ असे बरोबर चोवीस फेरे होतील. ही पद्धत सुरुवातीला खटकते, पण तिच्यामागे विचार आहे: शेवटच्या आकड्यातून पहिला वजा केला की फेऱ्यांची संख्या थेट मिळते. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात याच मांडणीची बाजू घेतली होती.

उत्तर (प्रोग्रामर, कऱ्हाड):
सरांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु माझ्या मते येथे २४ हा आकडा लिहूच नये. उद्या खऱ्या नोंदी घेतल्या आणि वीज गेल्यामुळे दोन तासांच्या नोंदी राहिल्या, तर यादीत २२ च पातळ्या असतील आणि हाच प्रोग्राम पुन्हा त्रुटी देईल. फॉर लूप थेट यादीवरच फिरवावा, म्हणजे प्रत्येक फेरीत एकेक पातळी आपोआप हाती येते आणि क्रमांकांचा प्रश्नच उरत नाही. नोंदीचा क्रमांकही हवा असेल, तर क्रमांक आणि नोंद दोन्ही देणारे एन्युमरेट वापरावे. पाणी ४० फुटांवर पहिल्यांदा केव्हा गेले, एवढेच पाहायचे असेल, तर ती नोंद सापडताच ब्रेक लिहून लूप थांबवावा. मोजणी करताना मात्र ब्रेक नको.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. लूप थेट यादीवर फिरवला आणि सर्व २४ नोंदी तपासल्या गेल्या. यादीतली पहिलीच पातळी ४० फुटांवर होती, त्यामुळे माझे आधीचे उत्तर एकाने कमी येत होते.